गीझर बदलणे : तत्त्व आणि व्यवहार

घरगुती गीझर एका दिवसात म्हातारा होत नाही. आधी तो संथ होतो. पूर्वी पंधरा-वीस मिनिटांत विझणारा लाल दिवा पाऊण तास तेवत राहतो आणि घरात त्याचा दोष थंडीला दिला जातो. पुढच्या टप्प्यावर तो बोलू लागतो. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातला क्षार कॉइलवर थरावर थर बसतो, त्या थरात अडकलेले पाणी जागच्या जागी उकळते आणि टाकीतून खदखद, कडकड असे आवाज येतात. पहिले काही महिने हे आवाज वरच्या मजल्यावरच्यांचे समजले जातात. तिसरी खूण पहिल्या तांब्यातल्या तांबूस पाण्याची, चौथी गीझर लावताच घरातले दिवे जाण्याची, आणि शेवटची खूण म्हणजे खालून टपकणारा थेंब.

थेंबाखाली प्रथम टमरेल ठेवतात. टमरेल रोज रिकामे करण्याचा कंटाळा आला की बादली येते, आणि बादली आली की गीझरला आणखी एक उन्हाळा मिळतो. एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे दुकानात गर्दी नसताना आणि प्लंबर फोन उचलत असताना, गीझर बदलल्याची उदाहरणे विरळा. हा निर्णय सामान्यतः दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, नरकचतुर्दशीच्या पहाटेची धास्ती पडल्यावर होतो. प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि दुकानदार या तिघांनाही त्याची आगाऊ कल्पना असते.

बदलायचा की दुरुस्त करायचा, हा प्रश्न वास्तविक फार अवघड नाही. कॉइल, थर्मोस्टॅट, कटआउट, रबरी गॅस्केट, व्हॉल्व्ह या सगळ्या वस्तू सुट्या मिळतात आणि बदलता येतात. टाकी बदलता येत नाही. ती गळली की गीझर संपला. वेल्डिंग, एम-सील आणि ‘ओळखीचा एक माणूस आहे’ हे तीन उपाय त्याचे मरण फक्त लांबवतात. टाकी गळू नये म्हणून कारखान्यातच तिच्यात मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. टाकीचे पोलाद गंजण्याऐवजी ही कांडी गंजते, झिजत झिजत संपते आणि मग पाणी टाकीकडे वळते. वर्षा-दोन वर्षांनी ती तपासावी व बदलावी, असे माहितीपुस्तिकेत छापलेले असते. परंतु माहितीपुस्तिका टीव्हीच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, न फोडलेल्या अवस्थेत असते. अशी काही कांडी असते, हे बहुतेक मालकांना मेकॅनिकने तिची उरलेली उघडी तार दाखवल्यावर प्रथम कळते.

नवा गीझर घेण्यापूर्वी घराला गरम पाणी किती लागते, याचा अंदाज घ्यावा लागतो. मराठी घरात पाण्याचे एकक लिटर हे नसून बादली हे आहे, आणि बादलीची व्याख्या घरोघर वेगळी. साधारण अंघोळीची बादली सोळा ते वीस लिटरांची असते. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे 4.2 किलोज्यूल उष्णता लागते, एवढे शाळेत सर्वांनी पाठ केलेले असते. त्यावरून 15 लिटरची टाकी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 0.6 युनिट वीज लागते आणि 2000 वॅटच्या कॉइलला त्यासाठी अठरा-एकोणीस मिनिटे पुरतात. नाशिकला जानेवारीत नळाचे पाणी 15 अंशांवर आले तर हाच काळ चोवीस मिनिटांच्या घरात जातो. मात्र ‘तापलं का पाणी?’ ही बाहेरून येणारी विचारणा दोन्ही ठिकाणी पाचव्या मिनिटाला सुरू होते.

60 अंशांचे पाणी कोणी अंगावर घेत नाही. त्यात विसण घालावे लागते. 20 अंशांचे विसण निम्मेनिम घातले की पाणी 40 अंशांवर येते, म्हणजे 15 लिटरच्या टाकीतून अंगाला सोसेल असे 30 लिटर पाणी मिळते. हिशेबाने हे दीड-दोन बादल्या होतात. पण हिशेब घरातली माणसे ठरवतात. आजोबांना पाणी कढत लागते. अंग लाल झाल्याशिवाय अंघोळ झाली असे ते मानत नाहीत आणि विसण हा शब्द त्यांच्या लेखी लहान मुलांसाठी आहे. घरातल्या एखाद्या सदस्याचा न्हाण्याचा वार असतो आणि त्या दिवशी एका बादलीच्या तीन होतात. कॉलेजात जाणारा मुलगा शॉवरखाली उभा राहतो. मिनिटाला नऊ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली दहा मिनिटे म्हणजे 90 लिटर पाणी झाले. ते 22 अंशांवरून 40 वर आणायला सुमारे 1.9 युनिट वीज लागते, आणि वीस लिटरच्या बादल्या घेणाऱ्या चार माणसांना मिळून 1.7 युनिटसुद्धा लागत नाहीत. ही आकडेवारी दरवाज्याबाहेरून ओरडून सांगितली तरी आत ऐकू जात नाही, कारण आत शॉवर चालू असतो.

या हिशेबात एक व्यक्ती नेहमी सुटते, आणि ती म्हणजे शेवटी अंघोळीला जाणारी. पहाटे सर्वांत आधी उठून गीझरचे बटण दाबणारी व्यक्ती आणि सर्वांत शेवटी कोमट पाण्याच्या अर्ध्या बादलीवर भागवणारी व्यक्ती ही बहुतेक घरांत एकच असते. गीझरच्या आकाराची चर्चा मात्र बैठकीच्या खोलीत, तिसऱ्या क्रमांकाच्या आत अंघोळ उरकणाऱ्या मंडळींमध्ये होते. त्यांचे मत साहजिकच ‘15 लिटर खूप झाले’ असे पडते. टाकीचा आकार ठरवण्याची खात्रीची रीत अशी की स्वयंपाकघरात जाऊन शेवटच्या माणसाला विचारावे. त्या उत्तरात दहा लिटर वाढतात. चार माणसांच्या, एकच बाथरूम वापरणाऱ्या, एकामागून एक जाणाऱ्या घराला 25 लिटर हे माप गैर नाही.

पाणी तापवण्याच्या साधनांत वडीलकीचा मान तांब्याच्या बंबाकडे जातो. मधोमध उभी नळी, तळाला जाळी, जाळीवर सरपण, गोवऱ्या, नारळाच्या करवंट्या आणि जुनी वर्तमानपत्रे, भोवती पाणी. काही बंबांत वरून गार पाण्याचा तांब्या ओतला की तोटीतून तेवढेच कढत पाणी घंगाळात पडायचे. बंब गळला तर कल्हईवाला किंवा तांबट तो जागेवर सांधून देई आणि त्याच्या हमीचा कागद कोणी मागत नसे. आज बंब घासूनपुसून फ्लॅटच्या दारात उभा असतो व त्यात मनीप्लँट असतो. तो पुन्हा पेटवण्याची सूचना दिवाळीच्या सुमारास एखादे काका करतात. त्या काकांचा स्वतःचा बंगला असतो आणि ते फक्त चार दिवस राहायला आलेले असतात.

बादलीत सोडायचा हीटर, ज्याला सगळे नुसते ‘रॉड’ म्हणतात, हे तात्पुरते साधन म्हणून घरात येते आणि पुढची अनेक वर्षे राहते. त्याचे नियम दोनच आहेत. आधी रॉड पाण्यात, मग बटण. आणि आधी बटण बंद, मग पाण्याला हात. बटण चालू ठेवून बोट बुडवून ‘अजून तापलं नाही’ असे सांगणारे लोक सर्व जिल्ह्यांत आढळतात. प्लास्टिकच्या बादलीच्या कडेला पडलेली वितळलेली खाच ही त्या घरात रॉड असल्याची, किंवा कधीकाळी होता याची, पक्की खूण समजावी.

विजेच्या गीझरांत ‘इन्स्टंट’ आणि ‘स्टोरेज’ अशी दोन घराणी पडतात. इन्स्टंट गीझर लहान, स्वस्त आणि बोलका असतो. त्याची टाकी 1 किंवा 3 लिटरची आणि कॉइल बहुधा 3000 वॅटची. नावावरून तो वाटेल तेवढे पाणी क्षणात देईल असे वाटते. प्रत्यक्षात 3000 वॅटमध्ये 22 अंशांचे पाणी 40 वर आणायचे तर मिनिटाला जेमतेम अडीच लिटर मिळते, म्हणजे वीस लिटरच्या बादलीला आठ मिनिटे. नाशिकच्या थंडीत बारा. अधीर माणूस नळ पूर्ण सोडतो. त्यावर गीझर पहिले तीन लिटर चटका बसेल असे देतो आणि उरलेली बादली नळाच्या पाण्याने भरतो. भांडी घासायला, हात धुवायला, दाढीला हा गीझर उत्तम. 4500 वॅटचा घेतला तर पाणी भरभर येते, पण तो सुमारे 20 अँपिअर खेचतो आणि 16 अँपिअरच्या प्लगवर चालत नाही. त्याला वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी लागतो. हे दुकानदार सांगतो. मात्र बिल झाल्यावर.

स्टोरेज गीझर म्हणजे उष्णतारोधक फोमचे अस्तर असलेली टाकी. 10, 15 आणि 25 लिटर ही त्याची घरगुती मापे. गार पाणी खालून आत शिरते आणि तापलेले पाणी वरून बाहेर ढकलते. यातले ढकलणे महत्त्वाचे आहे. अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत इमारतीचे पाणी गेले, तर टाकी गरम पाण्याने काठोकाठ भरलेली असूनही गरम नळातून थेंब येत नाही, कारण मागून ढकलायला कोणी उरलेले नसते. अशा वेळी टाकीवर बाहेरून चापट्या मारण्याची पद्धत आहे. तिने उपयोग होत नाही. ज्या सोसायट्यांत पाणी ठरावीक वेळीच सुटते, तिथल्या रहिवाशाने गीझरबरोबर झाकणाची एक मोठी बादलीही घ्यावी.

विदर्भात स्टोरेज गीझरचा आणखी एक उपयोग आहे, जो कंपन्यांनी अजून जाहिरातीत घेतलेला नाही. मे महिन्यात नागपूरला गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी अंगावर घेण्याच्या लायकीचे राहत नाही. घराच्या आत, फोमच्या अस्तरात, रात्री भरून ठेवलेले गीझरमधले पाणी त्या मानाने थंड असते. म्हणून गीझर बंद ठेवून लाल खुणेचा नळ गार पाण्यासाठी सोडतात आणि निळ्या खुणेच्या नळापासून लांब राहतात. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे आधी सांगून ठेवावे लागते.

गॅस गीझर मिनिटाला साधारण सहा लिटर पाणी देतो, बादली साडेतीन मिनिटांत भरतो आणि विजेच्या बिलात दिसत नाही. एवढ्या गुणांवर तो लोकप्रिय आहे. त्याची ठिणगी दोन जाड सेलवर चालते. सेल संपत आले की नळ सोडल्यावर नुसते टिक-टिक-टिक ऐकू येते, आणि मग टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून आणण्याचा प्रयत्न होतो; ते मापाला लहान असतात. पाण्याला पुरेसा जोर नसेल तर ज्योत पेटतच नाही. म्हणजे वरच्या मजल्यांवर, जिथे गच्चीची टाकी डोक्याला लागून असते, तिथे तो वारंवार रुसतो.

गॅस गीझरची एक बाजू मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कोंदट बाथरूममध्ये तो जळताना तिथला ऑक्सिजन संपवतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार करतो. या वायूला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि तो कडी लावलेल्या दाराआड पडतो. 1868 साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन याने गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले, त्याला धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती. दीडशे वर्षांनंतरही बंद बाथरूममध्ये, खिडकीला पुठ्ठा लावून, हे यंत्र बसवणारे लोक सापडतात. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी, धुराची नळी काढून बसवायचा. तशी जागा नसेल तर तो घ्यायचाच नाही.

सौर बंब ही सामुदायिक जीवनाची परीक्षा आहे. काचेच्या निर्वात नळ्या किंवा काळ्या सपाट पट्ट्या गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून बसवतात. त्यांत तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते, पंप लागत नाही. पाणी जड असेल तर सपाट पट्ट्यांतल्या बारीक तांब्याच्या नळ्या क्षाराने चोंदतात, तिथे काचेच्या नळ्या बऱ्या. वीज वाचते, काही महापालिका घरपट्टीत सूटही देतात. अडचण पाण्याच्या प्रवासाची आहे. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत पाऊण इंची पाइप तीस मीटर धरला, तरी रात्रभर त्यात थंड होऊन पडलेले पाणी साडेआठ लिटर भरते. ते आधी काढून टाकल्याशिवाय गरम पाणी येत नाही. त्यामुळे तळमजल्यावरच्या कुटुंबात फरशी पुसण्याची आणि कुंड्यांना पाणी घालण्याची वेळ पहाटेची असते. वरच्या मजल्याला नळ सोडताच गरम पाणी मिळते आणि ते मजलेवाले पाणीबचतीवर सभेत बोलतात.

शिवाय सामाईक टाकीतले गरम पाणी लवकर उठणाऱ्यांचे असते. साडेआठनंतर अंघोळ करणाऱ्याला ते गार मिळते, आणि रविवारी सगळ्यांनाच. जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य आठवडा-आठवडा दिसत नाही. मे महिन्यात टाकीतले पाणी चहा करता येईल इतके तापते आणि त्याला गिऱ्हाईक नसते. ढगाळ दिवसांसाठी सौर टाकीत विजेची कॉइलही असते. ती सामाईक मीटरवर चालते, म्हणून ती कोणी, कधी आणि किती वेळ लावायची हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत चहाच्या आधी निघतो आणि चहानंतरही संपत नाही. अशा इमारतीत प्रत्येक घरात एक विजेचा गीझर असतोच. सौर बंब असल्यामुळे तो लहान घेतला असे त्यांचे म्हणणे असते.

हीट पंप हा सर्वांत हुशार मार्ग. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो आणि एका युनिट विजेत सुमारे तीन युनिटांची उष्णता देतो. हॉटेलांत, रुग्णालयांत तो परवडतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्याची किंमत आणि आकार पाहून चर्चा तिथेच थांबते. वज्रेश्वरी, गणेशपुरी, तुरळ, उन्हवरे येथील गरम पाण्याच्या कुंडांशेजारच्या रहिवाशांनी हा सगळा भाग गाळला तरी चालेल.

तेव्हा बहुतेक घरे फिरून स्टोरेज गीझरवर येतात. मग तारे मोजले जातात. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या लेबलवरचे तारे पाहून गीझर किती चटकन तापतो किंवा पाणी तापवताना किती वीज वाचवतो हे कळते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. लेबल दुसरेच काही सांगते. भरलेली गरम टाकी वापर न करता नुसती ठेवली, तर चोवीस तासांत किती उष्णता निसटते, याचे ते मोजमाप आहे; 45 अंशांच्या फरकाला किती युनिट, असे त्यावर छापलेले असते. पाणी तापवण्याची मूळ वीज पाच ताऱ्यांच्या आणि एका ताऱ्याच्या गीझरला जवळपास तेवढीच लागते. म्हणजे दिवसभर गीझर चालू ठेवणाऱ्याने तारे पाहावेत. मराठी घरात असा माणूस शोधावा लागतो. इथे अंघोळीआधी वीस मिनिटे गीझर लागतो आणि शेवटच्या माणसाच्या आत जाण्याआधी बंद होतो. घराला कुलूप लावून स्टेशनावर पोहोचल्यावर, रिक्षात, ‘गीझर बंद केलास ना?’ हा प्रश्न विचारला जातो आणि निम्म्या वेळा रिक्षा वळवली जाते. इतके डोळ्यांत तेल घालून वापरणाऱ्यांना चौथ्या आणि पाचव्या ताऱ्यातला फरक बिलात सापडत नाही. तरीही पाच तारेच घेतले जातात, कारण शेजाऱ्यांकडे चार आहेत.

बिलात जो फरक दिसतो, तो बादल्यांचा असतो. चार माणसांच्या चार बादल्यांना महिन्याला पन्नास युनिट धरले, तर उन्हाळ्यात 270 युनिटांवर असणारे घर हिवाळ्यात तीनशेची रेघ ओलांडते आणि महावितरणच्या पुढच्या, महागड्या टप्प्यात जाते. हा धक्का जानेवारीच्या बिलात बसतो आणि त्याचा आळ नव्या गीझरवर येतो. जुना कमी खायचा, असे सांगितले जाते. जुना उन्हाळाभर बंद होता, हे विसरलेले असते.

ताऱ्यांपेक्षा दोन गोष्टींना जास्त महत्त्व द्यावे. एक, टाकीचे आतले अस्तर. पाणी जड असेल तर काचेच्या मुलाम्याची टाकी आणि क्षाराला तोंड देणारी कॉइल यांवर चार पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. दुसरी, दाबाची क्षमता. उंच इमारतींसाठी 8 बार दाब सोसणारा गीझर घ्यावा असे दुकानात सांगतात, आणि त्यावर अकराव्या मजल्यावरचे गिऱ्हाईक लगेच मान डोलावते. गच्चीवरच्या टाकीतून पाणी नुसते उतरत असेल तर सर्वांत जास्त दाब सर्वांत खालच्या मजल्यावर असतो. दहा मीटर उंचीला एक बार धरला तर बारा मजली इमारतीत तळाशी साडेतीन बारच्या आसपास. अकराव्यावर तो नावालाच असतो; तिथे प्रेशर पंप बसवला असेल तरच ही चिंता खरी.

आडवा की उभा, हा प्रश्न मात्र कोणी विचारून सुटत नाही. इथे खरा अधिकार जुन्या गीझरचा असतो. तो ज्या दोन बोल्टांवर लटकत होता, त्यांमधले अंतर, त्याला जोडलेल्या दोन नळांमधले अंतर, वर पोटमाळा किंवा फॉल्स सीलिंग, खाली कमोड, आणि भोवताली अशा टाइल्स, ज्या कंपनीने बनवणे केव्हाच बंद केले आहे. तारे, लिटर, हमी, रंग यांवर महिनाभर चर्चा करून आणलेला उभा गीझर या जागेत बसत नाही, हे प्लंबर दारात बूट काढतानाच सांगतो. मग टाइलला नवी भोके पाडावी लागतात. एखादी टाइल तडकते. तिच्यावर पुढे शॅम्पू ठेवण्याची जाळी बसते. शहाणा खरेदीदार म्हणून दुकानात जाण्यापूर्वी टेप घेऊन बाथरूममध्ये जातो. तसा माणूस पाहिल्याचे प्लंबर लोक सांगत नाहीत.

सल्लागारांची कमतरता कधीच पडत नाही. ज्यांचा गीझर वीस वर्षे चालला, ते ‘पूर्वीचं मटेरियलच वेगळं’ एवढे सांगून थांबतात. ज्यांचा दोन वर्षांत गळला, ते त्या कंपनीचे नाव कागदावर लिहून देतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप समूहावर विचारले तर सात कंपन्यांची सात नावे येतात, त्यानंतर सुप्रभात येते. दुकानदार ज्या कंपनीवर त्याची कमाई जास्त तिच्याकडे वळवतो, त्यात नवल नाही. टाकीवर हमी जास्त वर्षांची, कॉइलवर कमी, आणि इतर भागांवर त्याहून कमी, अशी सर्वसाधारण रचना असते, आणि बिघडते ते इतर भागांतले असते.

बसवण्याच्या दिवशी प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन दोघेही लागतात, आणि ते एकाच वेळी येत नाहीत. प्लंबर सकाळी येऊन टांगतो. भरलेला 15 लिटरचा गीझर पंचवीस किलोच्या आसपास भरतो. विटांच्या भिंतीत बोल्ट धरतात, पण नव्या इमारतींतल्या हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीत साधा बोल्ट भुसभुशीत जागी बसतो आणि महिन्याने मान टाकतो. तिथे त्या भिंतीसाठीचेच बोल्ट लागतात. कनेक्शन पाइप गीझरच्या खोक्यात नसतात. असले तर अठरा इंची असतात आणि अंतर वीस इंच असते. त्यासाठी घरातला एक सदस्य चप्पल घालून हार्डवेअरच्या दुकानात तीन खेपा घालतो: पहिली पाइपसाठी, दुसरी टेफलॉनच्या पट्टीसाठी, तिसरी चुकीचा पाइप बदलून घेण्यासाठी.

इलेक्ट्रिशियन संध्याकाळी येतो आणि जुन्या सॉकेटकडे पाहून ‘हे कोणी केलंय?’ असे विचारतो. जुने सॉकेट काळवंडलेले असते. 2000 वॅटच्या गीझरला नऊ अँपिअरच्या आसपास वीज लागते, तेव्हा 16 अँपिअरचे सॉकेट, योग्य जाडीची वायर आणि अर्थिंग एवढे तरी हवेच. अर्थिंग आहे असे तीन पिनांचे सॉकेट सांगते. तिसऱ्या पिनेच्या मागे वायर जोडलेली आहे की नाही, ते तपासून घ्यावे लागते. 30 मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी मुख्य फळीत बसवला तर फार बरे. तो नसेल त्या घरात अंघोळीला बसण्यापूर्वी गीझर बंद करण्याची जुनी रीत मुळीच भाबडी नाही.

पहिल्यांदा सुरू करताना गरम नळ उघडा ठेवून टाकी पूर्ण भरू द्यावी, नळातून अखंड धार आली की मगच बटण दाबावे. कोरड्या टाकीत कॉइल तापली तर ती तिथेच जाते आणि हमीत बसत नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी घरात पुन्हा ओरड होते, कारण नवा गीझर टपकतो. टपकतो तो गार पाण्याच्या तोंडाशी बसवलेला सेफ्टी व्हॉल्व्ह. पाणी 20 अंशांवरून 60 वर गेले की दीड टक्का फुगते. 25 लिटरच्या टाकीत हे जवळजवळ 380 मिलिलिटर होतात, म्हणजे चहाचे दोन-तीन कप. परतीची वाट व्हॉल्व्हने बंद केलेली असते, म्हणून ते पाणी त्याच्याच भोकातून थेंबथेंब बाहेर पडते. हे त्याचे काम आहे. पाणी न तापवताच तो वाहत असेल तर तक्रार करावी. पण थेंब दिसला म्हणून ते भोक ठोकून बंद करून देणारे प्लंबर आहेत, आणि ‘बघा, थांबलं’ असे सांगून ते पैसेही घेतात. टाकीचा दाब वाढून ती फुटण्याची सोय अशा रीतीने होते. भोकाला पारदर्शक नळी लावून ती खाली मोरीकडे सोडली की प्रश्न मिटतो.

राहतो जुना गीझर. नव्यावर ‘एक्स्चेंज’ची सवलत असेल तर दुकानदार तो नेतो, त्याने सवलत आधीच किमतीत धरलेली असते. नसेल तर तो काही दिवस बाल्कनीत, वॉशिंग मशीन आणि सायकल यांच्यामध्ये, ‘कधी लागला तर’ या सबबीवर राहतो. प्लग आणि वायर कापून ठेवली जाते. अखेर भंगारवाला येतो. तो वरचे प्लास्टिकचे कवच उचकटतो, फोम खरवडून काढतो, टाकी तराजूच्या आकड्याला अडकवतो आणि लोखंडाचा भाव लावतो. विकून झाल्यावर, त्याच संध्याकाळी, लिफ्टमध्ये एक शेजारी भेटतात आणि त्या काळच्या त्या मॉडेलची टाकी तांब्याची असायची, असे सांगतात.